आधी गल्ली बघते, मग घर

पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालं की एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. वन बीएचके की टू, फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, बजेट किती. गल्ली कशी हवी, हे मला आजवर एकाही एजंटनं विचारलेलं नाही. तो बाइकवरून थेट गेटपाशी नेतो, वर नेतो, किचनचा ओटा दाखवतो, नळ सोडून दाखवतो आणि ‘लवकर सांगा, आणखी दोन पार्ट्या आहेत’ म्हणून खाली आणून सोडतो. मी २००९ साली कराडहून पुण्यात आले तेव्हापासून बऱ्याच भागांत राहिले आणि आता माझी पद्धत उलटी आहे. मी गल्लीत अर्धा तास काढते. ती पटली तरच वर जाते.

सुरुवात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसनं झाली. स्पर्धा परीक्षा द्यायच्या म्हणून आलेल्या मुलींना तेव्हा दुसरं काही परवडतही नव्हतं. वाड्याच्या मागच्या चौकातली खोली, भिंतीला लागून लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंक. पत्ता सांगताना घरनंबर कुणी विचारायचं नाही. चिमण्या गणपतीपाशी या, नाहीतर नागनाथ पारापाशी येऊन फोन करा, एवढं पुरायचं. अभ्यासिका रात्री अकराला बंद व्हायची आणि आम्ही रजिस्टरं छातीशी धरून चालत परत यायचो. आईला फोनवर हे सांगितलं की ती घाबरायची. पण त्या रस्त्यावर मला कधी मागं वळून बघावं लागलं नाही. मेसवाल्या काकू पातेली घासत असायच्या, झेरॉक्सचं दुकान अर्धं शटर ओढून चालूच असायचं, टपरीवर परीक्षेच्या तारखांवरून वाद रंगलेले असायचे. आणि आमच्या वाड्याच्या ओट्यावर एक आजोबा बसलेले असायचे. ते आमच्याशी फारसं बोलायचे नाहीत. पण एखादी मुलगी आली नाही तर दुसऱ्या दिवशी ‘काल ती उंच मुलगी दिसली नाही, गावी गेली का?’ एवढं नक्की विचारायचे.

आजोबा त्या वाड्याचे जुने भाडेकरू. त्यांचं भाडं ऐकून मी चाट पडले होते, आमच्या एका कॉटच्या भाड्यापुढे ते काहीच नव्हतं. पुढे कायदा वाचला तेव्हा उलगडा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणभाडं, म्हणजे मालकाला कायद्यानं घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं होतं. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय आली. पण मूळ रक्कमच एवढीशी, की चार टक्क्यांनी वाढून वाढून किती वाढणार? तेवढ्यात मालकानं तुळई बदलायची कशी आणि कौलं चाळायची कशी? दर पावसाळ्याआधी पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात, त्यामागं हाही हिशेब आहे. आजोबांना घर सोडायचं नव्हतं, मालकाला ते सांभाळणं झेपत नव्हतं, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. शेवटी बिल्डर आला. आम्हा कॉटवाल्या मुलींना महिनाभराची मुदत मिळाली.

त्या जागी आता चार मजली इमारत आहे. मी मुद्दाम जाऊन बघितली. नव्या बांधकामाला रस्तारुंदीसाठी मागं सरकावं लागतं, शेजारचा जुना वाडा मात्र आहे तिथेच असतो, त्यामुळे सगळ्या गल्लीची कड दातेरी झाली आहे. मागं सरकलेल्या तुकड्यात दुचाक्या लागतात. तळमजला पूर्ण पार्किंगचा. जिथे आजोबा बसायचे तिथे आता सरकतं लोखंडी गेट आहे. वर राहणाऱ्या मंडळींना मोठी घरं मिळाली, संडास घरात आले, लिफ्ट आली. याचा आनंद मला मनापासून आहे, सामाईक संडासाची रांग मी विसरलेले नाही. पण रात्री अकराला तिथून चालताना डाव्या-उजव्या हाताला फक्त गाड्या दिसतात. खाली माणूस राहत नसेल तर वरच्या चार मजल्यांचा रस्त्याला उपयोग नाही, हे मला तिथे समजलं.

नोकरी लागल्यावर प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत पेइंग गेस्ट म्हणून राहिले. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्यावरून रस्त्याचं नाव पडलं. तिच्या स्टुडिओच्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे पत्ता सांगणं सोपं. पेठेतून तिथे गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो गारवा. मोठमोठे पर्जन्यवृक्ष रस्त्यावर वाकलेले, बंगल्यांच्या कुंपणावरून बोगनवेल आलेली, एप्रिलमध्ये बहावा पिवळाधमक फुललेला. सकाळी खिडकी उघडली की बुलबुल ऐकू यायचे. अभ्यासाला आणि आजारपणातून उठायला यापेक्षा चांगली जागा मला पुण्यात सापडली नाही.

पण त्या गल्लीत एकही दुकान नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मुख्य रस्त्यापर्यंत जायचं. उंच कंपाउंड, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’, आत लांबवर दिवा. रात्री साडेनऊनंतर त्या सुंदर, रुंद, स्वच्छ रस्त्यावरून मी झपाझप चालायचे. दिवे झाडांच्या पानांआड गेलेले. हाक मारली तर कोण येईल, हा विचार पेठेत कधी मनात आला नव्हता, तिथे रोज यायचा. ज्यांच्याकडे मी राहायचे त्या आजी ऐंशीच्या घरातल्या होत्या, मुलगा परदेशात. मी दिवाळीला गावी गेले असताना त्या तापानं झोपून राहिल्या. कामाच्या बाईंचीही सुट्टी होती. मी परतले तेव्हा आजी उठून बसत होत्या, पण समोरच्या बंगल्यात कुणाला पत्ता नव्हता. समोरचे लोक वाईट नव्हते. त्यांना दिसणारच कसं? त्यांच्या खिडकीतून आजींचं फाटक दिसायचं, आणि फाटक तर नेहमीच बंद असायचं. आजी मला म्हणाल्या, ‘अगं, माझं माहेर शनिवार पेठेतलं. तिथे शिंकलं तरी तिघं विचारायला यायची. मला त्याचा किती राग यायचा!’

लग्नानंतर मी कसबा पेठेत गेले, तांबट आळीला लागून असलेल्या एका बोळात. सासूबाईंचं घर तिथलंच. या आळीबद्दल मला जास्त सांगायचं आहे.

तांबट आळी म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्वष्टा कासार मंडळींची आळी. सकाळी नऊ-साडेनऊला पहिला ठोका पडतो आणि मग सगळीकडून सुरू होतं. पहिल्या आठवड्यात माझं डोकं ठणकायचं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही कसं सहन करता? त्याला प्रश्नच कळला नाही. मग एकदा सासूबाईंनी जुना बंब दुरुस्तीला द्यायला बरोबर नेलं आणि मी उंबऱ्याशी बसून नीट बघितलं. कारागीर जमिनीवर बसलेला. समोर लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला लोखंडी खुंट, त्यावर घंगाळ पालथं घातलेलं. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातानं भांडं अगदी जरासं फिरवायचं. एक ठोका, जरासं फिरवणं, पुढचा ठोका पहिल्याच्या अगदी कडेला. दोन खुणांमध्ये जागा राहिली तर भांडं तिथे कमकुवत राहतं आणि खुणेवर खूण पडली तर पत्रा पातळ होतो. हे मठारकाम. आधी भट्टीत तापवून मऊ केलेलं तांबं या ठोक्यांनी कडक होतं, आणि त्या बारीक गोल खुणांनी सगळं अंग चमकायला लागतं. मध्ये ते गृहस्थ थांबले, भांडं उजेडाकडे धरलं, अंगठ्यानं एक जागा चाचपली आणि पुन्हा तिथेच दोन ठोके दिले. मला म्हणाले, ‘वहिनी, आवाजावरनं कळतं कुठं राहिलंय ते.’ त्यानंतर मलाही ठोक्यांमधला फरक ऐकू यायला लागला. पातळ पत्र्याचा आवाज चढा, जाड बुडाचा घुमणारा. डोकं ठणकायचं कधी थांबलं, ते लक्षातही नाही.

त्या बोळात पायरी आणि रस्ता यांच्यामध्ये काही नव्हतं. दार उघडलं की रस्ता. संध्याकाळी सासूबाई पायरीवर बसून भाजी निवडायच्या, समोरच्या काकू त्यांच्या पायरीवर. मधल्या अंतरात गप्पा चालायच्या आणि त्या गप्पांमधूनच सायकलवाला जायचा, ‘काकू, पाय’ म्हणून. मुलगी चालायला लागली ती याच फरशीवर. तिच्यावर लक्ष ठेवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बोळाच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत तिला कुणीतरी उचलून आणायचं. याचे त्रासही होते आणि ते खरे होते. माझ्या घरी कोण आलं, कधी गेलं, पिशवीत काय होतं, सगळं सगळ्यांना माहीत. जीन्स घालून निघाले की पुढच्या दारातून प्रश्न यायचा. सूर्यप्रकाश दुपारचा तासभर. गणपतीत ढोल-ताशांचा सराव आणि मग मंडळांचे स्पीकर. मानाचा पहिला कसबा गणपती जवळच, त्याचा अभिमान आम्हाला आहेच, पण विसर्जन मिरवणुकीच्या काळात तान्ह्या मुलीला घेऊन आम्ही कराडला जायचो.

२०२० च्या मार्चमध्ये ठोके थांबले. एप्रिलमध्ये पेठांचा बराचसा भाग बांबू आणि पत्रे लावून बंद केला. कारागिरांच्या हाताला काम नव्हतं, आम्ही वर खिडकीत, खाली रिकामी आळी. त्या दिवसांत बोळानं काय केलं ते मी विसरणार नाही. दूध पलीकडच्या पत्र्यापाशी यायचं, तिथून एक मुलगा सगळ्यांच्या पिशव्या आणायचा आणि प्रत्येक गॅलरीतून दोरी खाली यायची. कुणाच्या घरी गोळ्या संपल्या, कुणाचा सिलेंडर संपत आला, हे ओरडून सांगितलं जायचं आणि संध्याकाळपर्यंत व्हायचं. सासूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या, दुसऱ्या आजारानं. मोजक्याच माणसांना जाता आलं, पण बोळातलं प्रत्येक दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात माणूस उभा होता. आमच्या घरी कितीतरी दिवस चूल पेटू दिली नाही त्या लोकांनी.

मग बालेवाडी. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला गेलं आणि कसब्यातल्या घराच्या वाटण्या झाल्या, म्हणून गेलो. बाराव्या मजल्यावरचा टू बीएचके. घर म्हणून ते आमचं सगळ्यात छान घर, हे मान्यच करते. वारा, उजेड, मुलीला स्वतंत्र खोली. सोसायटीच्या आत घसरगुंडी, पोहण्याचा तलाव, क्लब हाउसमध्ये गणपती. मुलं गाड्यांची भीती न बाळगता खेळायची, हे पेठेत शक्य नव्हतं.

अडचण गेटच्या बाहेर सुरू व्हायची. बाणेर-बालेवाडी १९९७ साली महापालिकेत आलं. त्याआधी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडासंकुल उभं राहिलं होतं, आणि मग शेतांवर इमारतींची रांग लागली. रस्ते आखले ते गाडीत बसलेल्या माणसासाठी. आमच्या गेटच्या अगदी समोर, पलीकडच्या बाजूला मेडिकल होतं. त्याची पाटी घरातून वाचता यायची. तिथे चालत जायचं तर मध्ये डिव्हायडर, पलीकडे सुसाट गाड्या, ओलांडायला जागा लांब पुढच्या चौकात. फुटपाथ होता, पण प्रत्येक सोसायटीच्या गाड्यांसाठी दर काही पावलांवर तो उतरायचा आणि चढायचा. कराडहून आलेल्या माझ्या वडिलांनी एकदा चालून बघितलं आणि गुडघे धरून परत आले. आम्ही क्रोसिनच्या गोळ्यासुद्धा ॲपवरून मागवायला लागलो. पहाटे पाण्याचे टँकर मागं घेतानाचा टीं-टीं आवाज, एवढाच काय तो रस्त्याचा आणि आमचा संबंध.

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा माझा फोन लागत नव्हता. वॉचमननं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पण आत सोडता येईना, कारण ॲपवर मंजुरी हवी. त्याची काहीच चूक नव्हती. बाबा नंतर म्हणाले, ‘तुझ्या आधीच्या घरी मला रिक्षावाल्यानंच दारात आणून सोडलं होतं, म्हणाला, तांबट आळीतली कराडची सून ना?’ त्यांना तक्रार करायची नव्हती, नुसतं आठवलं म्हणून बोलले.

संध्याकाळी करमेना की मी मुलीला घेऊन बाणेर गावठाणात जायचे. भैरवनाथाच्या देवळाच्या आसपासचा तो जुना भाग, भाजीवाल्या, चक्कीचा वास, ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसलेली म्हातारी माणसं. उंच इमारतींपासून चालण्याच्या अंतरावर हे सगळं जिवंत होतं, आणि नव्या आराखड्यात याच्यातलं काहीच उचलावंसं कुणाला वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जागा भरपूर होती. सावलीची झाडं, गेटबाहेर चार दुकानं, बसायला कट्टा आणि ओलांडायला सरळ वाट एवढं करायला फार पैसा लागला नसता.

आता आम्ही गोखलेनगरात राहतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती वसवल्या त्यातली ही एक. मूळची बैठी घरं, त्यावर प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे मजला चढवलेला. आमच्या मालकीणबाईंचे सासरे शनिवार पेठेतून अंगावरच्या कपड्यांनिशी इथे आले होते. गल्लीत दोन बाइक निघतात, टेम्पो आला की सगळं ठप्प. पार्किंगवरून भांडणं होतात. जुलैत चेंबर तुंबतं. पण खालच्या मजल्यावर माणसं राहतात, इस्त्रीवाला आहे, चक्की आहे, पहाटे वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि टेकडीवरचा मोर कधीकधी घरात ऐकू येतो. मुलगी क्लासहून रात्री आठला एकटी येते.

हे घर शोधताना मी जे केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. रविवारी दुपारी घर बघायला जाऊ नका, तेव्हा प्रत्येक गल्ली शांत असते. मधल्या वारी संध्याकाळी सातला जा आणि एकदा रात्री दहाला. दहाला गाड्या कुठे आणि कशा लागतात ते बघा. एजंटला सोडून इस्त्रीवाल्याला आणि किराणावाल्याला विचारा, पाणी किती वाजता येतं आणि पावसात कुठवर साचतं. खालच्या मजल्यावर उजेड आहे का, कुणी म्हातारं माणूस बाहेर बसलं आहे का, मुलं कुठे खेळतात, हे बघा. मुलीला घेऊन गेलात तर तिला आपल्यापुढे चालू द्या आणि तिच्याकडे कोण बघतं, कसं बघतं, तेही बघा. आणि घर ठरलं की करार नोंदवून घ्याच. अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या (तोच, २००० पासून लागू झालेला) कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची.

गोखलेनगरातही आता पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं आहे. आमच्या ओळीतल्या मालकांची एक मीटिंग झाली. बिल्डरच्या माणसानं आणलेल्या नकाशात तळमजला सगळा पार्किंगचा आहे आणि गल्लीच्या बाजूला सलग भिंत. मी भाडेकरू, मला मत नाही. पण मालकीणबाईंना नकाशा कळत नव्हता, तो मी त्यांना स्वयंपाकघरात बसून समजावला. ‘म्हणजे माझी पायरी जाणार?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. गल्लीकडच्या कडेला निदान तीन गाळे, इस्त्रीवाल्याला जागा आणि भिंतीऐवजी दगडी कट्टा, एवढं लेखी मागायचं आम्ही ठरवलं आहे. पत्र मी लिहून दिलंय. शेजारच्या चार घरांच्या सह्या झाल्या, बाकीच्या या आठवड्यात घ्यायच्या आहेत.